हायपरकारचा कालपट: अभियंता दिनाच्या तक्त्यासाठी ठेवलेल्या कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२५

विषय भांडणातून निघाला. बुगाटीने टूरबियों ही गाडी २० जून २०२४ ला दाखवली. ८.३ लिटरचं व्ही-१६ (१६ सिलिंडरचं) इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर, सगळी मिळून १८०० पीएस (अश्वशक्तीसारखंच ताकदीचं माप), एकूण २५० गाड्या आणि गिऱ्हाइकाला २०२६ पासून. आमच्या ऑटो क्लबातल्या अर्ध्या पोरांचं म्हणणं, बुगाटी म्हणजे बुगाटी, तारीख पाळणार. उरलेली अर्धी म्हणतात, वेळेवर आलेली एक हायपरकार, म्हणजे अशी मोजक्याच बनणारी अतिवेगवान गाडी, दाखवा.

वर्कशॉपमध्ये शनिवारी एक निवृत्त टूलरूमवाले काका येतात. आयुष्यभर डाय आणि फिक्स्चर केलेला माणूस. ते म्हणाले, "मास्तर, तोंडाने भांडण्यापेक्षा तक्ता करा. १५ सप्टेंबरला भिंतीवर लावा." अभियंता दिनाचा आमचा विषय असा ठरला.

हाताशी १६ फूट बाय ३ फुटांची भिंत आणि क्लबचे ५,००० रुपये. दुसऱ्या कॉलेजच्या पोरांना हे करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून नोंदी ठेवतो आहे.

१९ जुलै

पहिली शीट. दोनच कॉलम: गाडी कधी दाखवली, गिऱ्हाइकाला कधी दिली. पोरांनी तासाभरात भरली आणि तिथेच घोळ झाला.

मॅकलारेन पी१: सप्टेंबर २०१२ मध्ये पॅरिसला डिझाइनचा नमुना म्हणून दाखवली, ऑक्टोबर २०१३ ला पहिली गाडी दिली. १३ महिने. बुगाटी वेरॉन: १९९९ च्या ऑक्टोबरात टोकियोला दाखवली, उत्पादन सप्टेंबर २००५ ला सुरू. जवळजवळ ६ वर्षं. शीट बघून निष्कर्ष काय, तर मॅकलारेनवाले हुशार आणि बुगाटीवाले ढिले.

काकांनी शीट उलटी करून ठेवली. "पॅरिसला दाखवली म्हणजे त्या दिवशी काम सुरू झालं का रे? दाखवायची तारीख सेल्सवाले ठरवतात, टूलरूम नाही."

बरोबर आहे. कुणी गाडी निम्मी तयार झाल्यावर पडदा उघडतो, कुणी मातीचं मॉडेल सुकायच्या आत. दोन्हींना एकच फूटपट्टी लावून उपयोग नाही.

आखणीही फसली. १९८८ ते २०२६ अशी ३८ वर्षं, वर्षाला ५ इंच, म्हणजे १९० इंच. भिंतीत चपखल बसलं. पण कागदावर छोटं करून काढलं तेव्हा डावीकडचं पाच-सहा फूट रिकामं आणि २०१० नंतर एवढी गर्दी की गाड्यांची नावं एकमेकांवर. सरळ कॅलेंडरवर हा तक्ता होत नाही. प्रत्येक गाडीची पट्टी वेगळी आणि सगळ्या पट्ट्या एकाच शून्यावर टेकवलेल्या, असं करायला हवं. शून्य कुठे धरायचं यावर पोरं वर्कशॉप बंद होईपर्यंत भांडली.

२६ जुलै

कॉलम वाढवले. नावं साधी ठेवली, लांबून वाचता यावीत म्हणून: *ठरलं, दाखवलं, कबूल केलं, पळालं, दिलं.* "कबूल केलं" म्हणजे कंपनीने स्वतः दिलेली तारीख. "पळालं" म्हणजे पहिला प्रोटोटाइप स्वतःच्या चाकांवर चालला तो दिवस. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ही तारीख बाहेर येतच नाही, पण जिथे मिळते तिथे सगळ्यात जास्त सांगून जाते.

आधी मॅकलारेन एफ१ घेतली, कारण तिच्या तारखा स्वच्छ आहेत. सप्टेंबर १९८८, इटालियन ग्रां प्री आटोपून मिलानच्या लिनाते विमानतळावर विमान लांबलेलं. मॅकलारेनचे कर्तेधर्ते रॉन डेनिस, मन्सूर ओजे, क्रेटन ब्राउन आणि डिझायनर गॉर्डन मरे गप्पा मारत बसले आणि तिथे रस्त्यावरच्या गाडीचा विषय पक्का झाला. (त्या मोसमात मॅकलारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. हरलेली एकमेव ती मोंझाची, म्हणजे हीच इटालियन ग्रां प्री. जिंकले असते तर गप्पा कशाच्या निघाल्या असत्या कोण जाणे.) २८ मे १९९२ ला मोनाकोत पडदा उघडला. एक्सपी१ हा पहिला प्रोटोटाइप पळाला २३ डिसेंबर १९९२ ला.

म्हणजे जगाने टाळ्या वाजवल्या तेव्हा गाडी अजून चाललेलीच नव्हती. पोरांना हे पटेना, तारीख पुन्हा तपासून घेतली. पुढे १९९३ मध्ये नामिबियात उष्ण हवामानाच्या चाचणीत एक्सपी१ उलटली आणि जळून गेली. चालवणारा वाचला. एक्सपी२ क्रॅश टेस्टला गेली. इतकं होऊनही गिऱ्हाइकाची पहिली गाडी १९९३ च्या अखेरीस तयार होती. दाखवल्यापासून १९ महिने.

एका पोराला १९९८ चा ताशी ३८६.४ किलोमीटरचा वेगाचा विक्रमही पट्टीवर हवा होता. नाही घेतला. तो गाडी हातात पडल्यावर सव्वाचार वर्षांनी झाला, विकसनाशी त्याचा संबंध नाही. तक्ता करताना हा मोह सारखा होतो, रंजक गोष्ट दिसली की ठिपका मारावासा वाटतो.

शून्याचं शेवटी असं ठरलं. काकांना ते "ठरलं" वर हवं होतं. पण "ठरलं" ची तारीख मोजक्याच गाड्यांची मिळते, बाकीच्यांत अंदाज घालावा लागेल आणि अंदाज छापायचा नाही. म्हणून शून्य "दाखवलं" वर. त्याच्या डावीकडे फिक्या रंगात आधीचं काम, उजवीकडे गडद रंगात वायदा. काकांना म्हटलं, कामाची सुरुवात वेगळी आणि वायद्याची वेगळी, आपण वायदा मोजतोय. ते म्हणाले, "मग वर मोठ्या अक्षरात तसं लिहा, नाहीतर लोक काम मोजतील." लिहिलं.

माप: एक महिना सव्वा इंच. डावीकडे सगळ्यात लांब एफ१, ४४ महिने, ५५ इंच. उजवीकडे सगळ्यात लांब टेस्ला रोडस्टर (तिची गंमत पुढे), ९४ महिने, ११७.५ इंच. मिळून १७२.५. गाडीच्या नावाला साडेएकोणीस इंच उरतात. पुरतात.

२ ऑगस्ट

सगळा शनिवार वेरॉनने खाल्ला.

गोष्ट १९९७ ची. फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पीएख जपानच्या शिंकान्सेन गाडीत बसून पाकिटावर १८ सिलिंडरच्या इंजिनाचं चित्र काढतात. १९९८ मध्ये फोक्सवॅगन बुगाटीचं नाव विकत घेते. मग एकामागून एक नमुने, सगळे १८ सिलिंडरचे. टोकियोला १९९९ मध्ये दाखवलेली वेरॉनसुद्धा १८ सिलिंडरचीच. आणि प्रत्यक्षात आली ती ८ लिटर, १६ सिलिंडर, चार टर्बोची.

आता सांगा, १९९९ ची पट्टी या गाडीची का दुसऱ्याच गाडीची? इंजिन बदललं तर शून्य सरकवायचं का? पोरांचे दोन तट पडले. मी सरकवावं या बाजूचा होतो. काकांनी एका प्रश्नात गप्प केलं: "नाव तेच, आकार तोच, वायदा करणारा तोच. आतला पार्ट बदलला म्हणून गिऱ्हाइकाला नवीन तारखेपासून थांब म्हणाल का?" शून्य १९९९ वरच राहिलं. इंजिन बदललं तिथे पट्टीवर एक उभी लाल रेघ. अशी रेघ पुढे बऱ्याच पट्ट्यांवर आली. पोर्शे ९१८ च्या नमुन्यात ३.४ लिटरचं व्ही-८ होतं, विक्रीच्या गाडीत ४.६ लिटरचं. अॅस्टन मार्टिन वल्हाला २०१९ ला दाखवली, पुढच्या वर्षी तिच्यासाठी घरचं व्ही-६ जाहीर केलं, २०२१ मध्ये ते बाजूला ठेवून मर्सिडीजच्या एएमजीचं व्ही-८ घेतलं.

वेरॉनचा वेळ कुठे गेला हे पट्टीखाली दोन ओळींत लिहायचं होतं, तेच अवघड गेलं. पोरांचा समज असा की १००१ पीएस काढायला वेळ लागला. ताकद काढणं त्यातल्या त्यात सोपं. जळालेल्या पेट्रोलमधला ढोबळ तिसरा हिस्सा क्रँकवर येतो, बाकी दोन हिस्से उष्णता. १००१ पीएस चाकाकडे पाठवायचे तर त्याच्या दुपटीची उष्णता गाडीबाहेर फेकायला हवी, म्हणून त्या गाडीला दहा रेडिएटर. मग ४०० च्या वर वेग: टायर वेगळे, गिअरबॉक्स वेगळा, त्या वेगाला गाडी जमिनीला धरून राहील अशी बॉडी, आणि कमाल वेगासाठी वेगळी किल्ली, जी फिरवल्यावर गाडी खाली बसते. हे सगळं जमवताना २००३ मध्ये अमेरिकेतल्या लगुना सेका ट्रॅकवर लोकांसमोर गाडी गरकन फिरली. त्याच सुमारास वरची माणसंही बदलली. वायदा २००३ चा होता, उत्पादन २००५ ला सुरू झालं.

पट्टीखाली शेवटी एवढंच छापलं: *ताकद नव्हे, उष्णता आणि टायर.*

१० ऑगस्ट

काल राखीपौर्णिमा म्हणून कुणी फिरकलं नाही. आज रविवारी आमची एक माजी विद्यार्थिनी आली. ती उत्सर्जन चाचणीच्या प्रयोगशाळेत काम करते, पोरं तिला ताई म्हणतात. तिला मुद्दाम बोलावलं, कारण शीटमध्ये एक विचित्र आकडा आला होता.

अॅस्टन मार्टिन वॅल्किरी: जुलै २०१६ ला एएम-आरबी ००१ या नावाने दाखवली, गिऱ्हाइकाची पहिली गाडी नोव्हेंबर २०२१ ला पूर्ण. ६४ महिने. मर्सिडीज-एएमजी वन: सप्टेंबर २०१७ ला फ्रँकफर्टला दाखवली, पहिली गाडी जानेवारी २०२३ ला दिली. तेही ६४ महिने. मला वाटलं पोराने ओळ कॉपी-पेस्ट करताना आकडा बदलला नाही. बोटावर मोजून पाहिलं. दोन्ही खरे.

वॅल्किरीचा वायदा २०१८ चा होता, वनचा २०१९ चा. दोघींची इंजिनं शर्यतीच्या जातीची. वॅल्किरीत कॉसवर्थ या ब्रिटिश इंजिन कंपनीचं ६.५ लिटरचं व्ही-१२, टर्बो नाही, एकट्याचे १००० अश्वशक्ती, १०,५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे). वनमध्ये तर फॉर्म्युला वनच्या गाडीतलंच १.६ लिटरचं व्ही-६ आणि चार इलेक्ट्रिक मोटर.

पोरांनी विचारलं, "ताई, ११,००० आरपीएमला टिकवायलाच वेळ लागला ना?"

"नाही रे. सिग्नलला उभं राहायला वेळ लागला."

तिने फळ्यावर काढून सांगितलं ते इथे थोडक्यात. शर्यतीच्या इंजिनाची आयडलिंगच (गाडी उभी असताना इंजिन फिरतं तो वेग) ५,००० आरपीएमच्या आसपास. चालू करायच्या आधी पाणी आणि तेल बाहेरून गरम करून द्यावं लागतं. रस्त्यावरच्या गाडीला हे लाड नाहीत, थंडीत सकाळी बटण दाबलं की सुरू व्हायला पाहिजे. एएमजीला आयडलिंग १,२०० पर्यंत खाली आणायचं होतं. त्या आरपीएमला अशा इंजिनात हवेचा झोत मंद, पेट्रोल नीट मिसळत नाही, मधेच एखादा सिलिंडर चुकतो. चुकला की न जळलेलं पेट्रोल थेट एक्झॉस्टला. त्यात सुरुवातीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड, म्हणजे घाण अडवणारं कुणी नाही. म्हणून ती गाडी आधी विजेवर निघते, तोवर कॅटॅलिस्ट तापवून घेतात, मग इंजिन पेटतं. वर पेट्रोल इंजिनालाही पार्टिक्युलेट फिल्टर, धुरातले बारीक कण अडवणारा. तो एक्झॉस्टमध्ये अडथळा करणार, ताकद खाणार, पुन्हा सगळं जुळवा.

"आणि सर," ती मला म्हणाली, "२०१७ च्या सप्टेंबरपासून युरोपात डब्ल्यूएलटीपी ही उत्सर्जन मोजायची नवी चाचणी लागू झाली. गाडी दाखवली तोच महिना."

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पट्टीवर हिरवी रेघ मारली.

वॅल्किरीची एक गोष्ट काकांना इतकी आवडली की त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. कॉसवर्थने एकदम १२ सिलिंडरचं इंजिन केलं नाही. आधी त्याच मापाचं तीन सिलिंडरचं केलं आणि त्यावर ताकद आणि उत्सर्जन दोन्ही सिद्ध केलं. "चार कॅव्हिटीचा मोल्ड घ्यायच्या आधी एका कॅव्हिटीवर ट्रायल, तेच हे. शहाणे आहेत." एवढं शहाणपण करूनही गाडी तीन वर्षं उशिरा आली, हे मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "मग इंजिन नसेल अडलं. दुसरं काही बघा." पोरं अजून बघतायत.

१७ ऑगस्ट

आजचा वाद: कोविडचं काय करायचं?

एक पोरगा म्हणाला, मार्च २०२० पासून दीड वर्ष सगळ्यांच्या पट्टीतून वजा करू. ऐकायला न्याय्य वाटतं. ताईने फोनवर हाणून पाडलं. वॅल्किरीचा वायदा २०१८ चा, वनचा २०१९ चा. साथ यायच्या आधीच दोन्ही चुकलेले. त्यांना कोविडची सूट कशाला? उलट बटिस्टा या इलेक्ट्रिक गाडीचा वायदाच २०२० चा, ती नेमकी त्यात सापडली. म्हणून वजाबाकी नाही. त्या काळावर पट्टीत राखाडी छटा, प्रत्येकाने बघून ठरवावं.

बटिस्टा घ्यायचीच होती. ऑटोमोबिली पिनिनफारिना ही महिंद्राची कंपनी, त्यामुळे मुंबईचं नाव तक्त्यावर येतं आणि पोरांची मान ताठ होते. मार्च २०१९ ला जिनिव्हात दाखवली: १९०० पीएस, १२० किलोवॅट-तासांची बॅटरी, १५० गाड्या. म्युनिकला कचेरी, तुरीनजवळ कांबियानोला जुळणी. गिऱ्हाइकाला २०२२ मध्ये मिळाली. आतली बॅटरी आणि मोटरची यंत्रणा क्रोएशियाच्या रिमॅकची. रिमॅकची स्वतःची गाडी मार्च २०१८ ला सी-टू नावाने दाखवली, नेवेरा हे नाव आणि अंतिम रूप १ जून २०२१ ला.

या दोन पट्ट्यांनी मागच्या रविवारचा आमचा सिद्धांत मोडला. आम्ही ठरवून टाकलं होतं की वेळ उत्सर्जनात जातो. इलेक्ट्रिकला एक्झॉस्टच नाही, आयडलिंग नाही, मग तीन-चार वर्षं कशात गेली? कोविडची छटा काढली तरी पट्टी आखूड होत नाही. बॅटरी थंड ठेवणं, चार चाकांच्या चार मोटरचं सॉफ्टवेअर, आणि क्रॅश टेस्ट. शंभर-दीडशेच गाड्या विकायच्या म्हणून भिंतीवर आपटायला कमी लागतात असं नाही. लाख गाड्या विकणाऱ्याला हा खर्च जाणवत नाही, इथे प्रत्येक आपटलेली गाडी हिशेबात दिसते.

सिद्धांत थोडा बदलला. "उत्सर्जन" खोडून "कागद" लिहिलं: ज्या गोष्टीवर बाहेरच्या माणसाची सही लागते ती.

२१ ऑगस्ट

छपाईचा प्रूफ. ७२० रुपये पाण्यात.

स्वस्तात बघू म्हणून ४८ चौरस फूट फ्लेक्स, १५ रुपयांनी. दुकानात जुन्या फाँटवर काम चालतं. आमचा मजकूर युनिकोडमध्ये. त्याने फाईल उघडली, स्क्रीनवर ठीक दिसली, छापून आली तर सगळी जोडाक्षरं फुटलेली. वॅल्किरीतला "ल्कि" सुटा झाला, "अॅस्टन" वरचा चंद्र पुढच्या अक्षरावर जाऊन बसला, "पार्टिक्युलेट" तर ओळखू येत नव्हतं. आकडे मात्र नीट.

इलाज: मजकूर मजकूर म्हणून द्यायचाच नाही. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये सगळी अक्षरं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून पीडीएफ द्या. पाथ केल्यावर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवा. पोरांनी पाथ केलेली फाईलच मूळच्या नावाने सेव्ह केली होती. वेरॉनची तळओळ पुन्हा टाईप करावी लागली, ते एक बरं झालं, आधीची लांब होती.

फ्लेक्सवर दुसरा दोष हा दिसला की उन्हात चकाकतो आणि फिकी डावी बाजू वाचता येत नाही. शेवटचं काम सनबोर्डवर मॅट व्हिनाईल लावून करायचं. ७० रुपये चौरस फूट, ३,३६० रुपये. बजेटमध्ये बसतं, पण आता दुसरी चूक परवडणार नाही.

२४ ऑगस्ट

छपाई गणपतीनंतर. दुकानदाराने हात जोडले, मंडळांचे बॅनर रात्रंदिवस चालू आहेत. २७ ला चतुर्थी, ६ सप्टेंबरला विसर्जन. तुमचंही काम ऑगस्टचं असेल तर जुलैतच छापून घ्या.

मिळालेल्या वेळात न आलेल्या गाड्या घेतल्या. तोपर्यंत तक्त्यावर फक्त आलेल्या गाड्या होत्या, म्हणजे उशीर का होईना सगळ्या येतातच असं दिसत होतं.

जॅग्वार सी-एक्स७५: २०१० ला पॅरिसला दाखवली, आत दोन छोट्या गॅस टर्बाइन. २०११ मध्ये विल्यम्स या फॉर्म्युला वन संघाच्या साथीने बनवायचं जाहीर केलं, टर्बाइन जाऊन १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं. डिसेंबर २०१२ ला प्रकल्प बंद. प्रोटोटाइप पळत होते. बंद पडण्याचं कारण आर्थिक परिस्थिती. तिच्या पट्टीला शेवटी फुली.

टेस्ला रोडस्टर: १६ नोव्हेंबर २०१७ ला दाखवली, वायदा २०२० चा. अजून कुणाला मिळालेली नाही. तिच्या पट्टीला शेवट नाही, बाण. बाण तक्त्याच्या बाहेर जायला हवा असं पोरांचं म्हणणं. जागा नाही म्हणून काठावर थांबवला.

उलट टोकाला ९१८. मार्च २०१० ला नमुना, जुलै २०१० ला संचालक मंडळाची मंजुरी, उत्पादन १८ सप्टेंबर २०१३ ला सुरू. तारीख नावावरून निवडलेली, नऊ-अठरा. अशी तारीख निवडून ती पाळणं म्हणजे काय हे काकांना विचारा.

३१ ऑगस्ट

एक कॉलम उशिरा सुचला, पण सगळ्यात जास्त कामाचा तोच निघाला: *हे इंजिन आधी रस्त्यावर चाललेलं होतं का?*

पी१ चं ३.८ लिटरचं व्ही-८ हे मॅकलारेनच्याच १२सी या आधीच्या गाडीच्या इंजिनातून आलेलं. १३ महिने. बुगाटी शिरॉन, मार्च २०१६ ला दाखवली, वेरॉनच्याच १६ सिलिंडरच्या डब्ल्यू-१६ इंजिनाची सुधारित आवृत्ती. २०१७ मध्ये गाड्या मिळू लागल्या. वन आणि वॅल्किरीला "नाही". ६४ आणि ६४.

पोरं खूश, नियम सापडला. मग एफ१ आडवी आली. बीएमडब्ल्यूने तिच्यासाठी नवं व्ही-१२ बनवलं, तरी १९ महिने. ताईचं उत्तर: १९९३ चे नियम बघा, तेव्हा यातली निम्मी परीक्षा नव्हती. गॉर्डन मरेंचीच पुढची गाडी टी.५०, तिलाही नवं कॉसवर्थ व्ही-१२, १२,१०० आरपीएमचं. ऑगस्ट २०२० ला दाखवली, वायदा २०२२ चा, गाड्या २०२३ पासून. माणूस तोच, शिस्त तीच, तरी वर्षभर घसरली. म्हणून कॉलम ठेवला, पण वर "नियम" असं लिहू दिलं नाही.

७ ते १२ सप्टेंबर

विसर्जन आटोपलं, फाईल दिली, मिळाली. सनबोर्ड आठ फुटी शीटमध्ये येतो, त्यामुळे बरोबर मध्ये जोड. ९६ इंचावरचा जोड शून्यापासून सतराव्या महिन्यावर पडतो. एफ१ चा १९ महिन्यांचा आकडा दोन इंचांवर, त्याचं पहिलं अक्षर जोडावर फाटत होतं. आकडा पट्टीच्या वर नेला. तुम्ही करत असाल तर आधी जोड कुठे येतो ते मोजा, मग आकडे बसवा.

१५ सप्टेंबर

टूरबियोंची पट्टी मुद्दाम अर्धी सोडली होती. १८ ते ३० महिन्यांचा पट्टा पिवळा, तो म्हणजे २०२६ चा वायदा, पुढे कोरी जागा. शेजारी टिकल्यांची पाकिटं. गाडी कधी मिळेल असं वाटतं तिथे टिकली लावायची.

सकाळी पहिल्या वर्षाची पोरं आली, बहुतेकांच्या टिकल्या पिवळ्यात. जे तक्ता डावीकडून उजवीकडे वाचत गेले त्यांच्या बाहेर. एका प्राध्यापकांनी रोडस्टरच्या बाणाशेजारी नेऊन लावली आणि हसत निघून गेले. दुपारी ताई आली. तिने इंजिनाचा कॉलम पाहिला, "नाही" वाचलं. नवं व्ही-१६, टर्बो नाही, ९,००० आरपीएम. पण जोडीला रिमॅकचा बॅटरी-मोटरचा अनुभव आहे, तो नेवेरात पणाला लागून झालेला, असं म्हणत ३० व्या महिन्यावर, अगदी पिवळ्याच्या काठावर लावली.

"काका, तुम्ही लावा ना."

"मी पहिली गाडी दिल्यावर लावीन."

पोरांनी आरडाओरडा केला, हा काय नियम? तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढून ३४ व्या महिन्यावर बारीक रेघ ओढली. एप्रिल २०२७.

खर्च: वाया गेलेला फ्लेक्स ७२०, सनबोर्ड ३,३६०, टिकल्या, डबल टेप, दोरा २४०. एकूण ४,३२०. उरलेल्या ६८० मध्ये रोडस्टरचा बाण लांबवायला एक जादा पट्टी घ्यायची असा पोरांचा ठराव आहे. मी वल्हालासाठी राखून ठेवा म्हणालो, तिचा वायदा या वर्षाच्या उत्तरार्धाचा आहे, ठिपका आला की छापावा लागेल. शीट आणि पाथ न केलेली मूळ फाईल क्लबच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर आहे. कुणी घेऊन गेलं तर "कबूल केलं" हा कॉलम काढू नका, बाकी काय हवं ते बदला.